सभा आणि प्रपा: समारंभांतील फलपेयांचा इतिहास

चैत्र लागला म्हणजे कळवणच्या बाजारांत कैऱ्यांच्या पाट्या येऊं लागतात. गिरणेचें पात्र त्या दिवसांत रोडावलेलें असतें, दुपारीं रस्ते ओस पडतात. नांदुरीच्या बाजूची सप्तशृंगगडाची वाट मात्र रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत माणसांनीं फुललेली असते. याच दिवसांत चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. आलेल्या सुवासिनीला भिजविलेले हरभरे, कैरीची वाटली डाळ आणि पन्ह्याचा पेला द्यावयाचा, हा त्या समारंभाचा ठरलेला क्रम. पुढें वैशाखांत अक्षय्य तृतीया येते. तीच या कसमादे मुलुखांतली आखाजी. त्या दिवशीं पितरांच्या नांवें पाण्यानें भरलेली घागर पूजावयाची आणि आमरसाचें जेवण करावयाचें.

याच तालुक्यांतील एखाद्या मंगल कार्यालयांत हल्लीं निराळाच थाट दृष्टीस पडतो. अननस, पेरू, संत्रें, डाळिंब यांचे रस कांचेच्या उंच पेल्यांत एकावर एक चढविलेले, कांठावर लिंबाची चकती, वर पुदिन्याचें पान, आणि नांव मॉकटेल. नांवाची फोड केली तर ‘लटकें कॉकटेल’ असा अर्थ निघतो. कॉकटेल म्हणजे काय, याचा खुलासा न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन गांवच्या एका वृत्तपत्रानें १८०६ च्या मे महिन्यांत छापला होता. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें तें मिश्रण. त्यांतून मद्य वजा केलें कीं उरेल तें मॉकटेल. असें हें नांव वजाबाकीनें सिद्ध झालेलें आहे, आणि तें ऐकणाऱ्यास वाटतें कीं मूळ वस्तु दुसरीकडे कोठें तरी असून ही तिची सौम्य नक्कल आहे. नाशिकच्या परिसराचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाहीं. येथें चार माणसें जमलीं म्हणजे पुढें येणाऱ्या पेल्याला दोन प्रश्न विचारले जात आले. त्यांत काय आहे, हा पहिला. तो कोणाच्या हातचा आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर फार लवकर मिळालें. दुसऱ्याचें मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें, आणि तेंहि झगडून.

पहिल्या प्रश्नाचें जुनें व नेमकें उत्तर बौद्धांच्या विनयपिटकांत आहे. महावग्ग या ग्रंथांत केणिय नांवाच्या जटिल तपस्व्याची हकीकत येते. बुद्ध मोठ्या भिक्षुसंघासह आपण या गांवीं आले असतां त्यांच्या भेटीस काय न्यावें, असा विचार केणियास पडला. दुपारनंतर भिक्षु अन्न घेत नाहींत. तेव्हां त्यानें नाना प्रकारचीं पेयें तयार करवून कावडींनीं नेलीं. भिक्षु घेण्यास कचरले. त्या प्रसंगावरून आठ पेयांची मोकळीक झाली: आंबा, जांभूळ, बियांचें रानकेळ, साधें केळें, मध, द्राक्ष, कमळाचा कंद आणि फालसा. याला जोडून जो नियम आहे तो अधिक मार्मिक आहे. कोणत्याहि फळाचा रस चालेल, परंतु धान्याचा चालणार नाहीं. कोणत्याहि फुलाचा रस चालेल, परंतु मोहाच्या फुलाचा चालणार नाहीं. धान्य आणि मोह हीं दोन्ही दारूचीं उगमस्थानें. सभेंतील पेय कोणतें आणि मद्य कोणतें, यांमधली रेघ इतक्या स्पष्टपणें त्या काळीं ओढली गेली होती. हीं पेयें दुसऱ्या दिवसाच्या पहांटेपर्यंतच ठेवावींत, असेंहि बंधन आहे. त्याचें कारण पुढें कृतीच्या ओघांत येईल.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरांतील लेणीं, ज्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात, तीं याच भिक्षुसंघासाठीं कोरलेलीं. त्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे; तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतला धरतात. त्यांत त्याच्या दानांची मोठी यादी आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्यानें फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’ बांधल्या. सभा म्हणजे माणसांनीं एकत्र बसण्याची जागा, प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. आजच्या पाणपोईंतील ‘पोई’ ती हीच. पारादा म्हणजे पार नदी व दमण म्हणजे दमणगंगा. या दोहोंचा उगम नाशिकच्याच पश्चिमेकडील डोंगरांत आहे. बसण्याची जागा बांधली कीं शेजारीं पाजण्याची जागा बांधावयाची, ही जोडी दगडावर एकाच ओळींत कोरलेली सांपडते. त्याच यादींत नारळाच्या बागेचेंहि दान आहे.

पाण्यांत फळ कसें आणि कोणतें मिसळावें, याविषयीं संस्कृत ग्रंथांत बरेंच लिहिलेलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सरकारी कोठाराचें जें प्रकरण आहे, त्यांत आंबट फळांचा एक वर्ग सांगितला आहे: वृक्षाम्ल म्हणजे कोकम, करवंद, आंबा, आंवळा, महाळुंग, बोर, फालसा. राजाच्या कोठारांत धान्य व तेल यांच्या जोडीला आंबट फळांची नोंद असावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत ‘पानक’ हा शब्द येतो. त्याचेंच मराठी रूप पन्हें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पाणी कोणतें घ्यावें व तें सुगंधित कसें करावें याची चर्चा राजभोगाचा एक विषय म्हणून आलेली आहे.

आतां कळवणच्या भूमीकडे वळावें. हा मुलूख पूर्वींच्या बागलाणाचा भाग. साल्हेर-मुल्हेरच्या किल्ल्यांवर तेथील बागुल राजे नांदत होते, आणि सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे व दक्षिणेकडे जाणारा माल त्यांच्या घाटांतून जात असे. अबुल फजलनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-ए-अकबरींत बागलाणाचें वर्णन आहे. डोंगराळ परंतु दाट वस्तीचा हा प्रांत असून येथें द्राक्षें, डाळिंबें आणि अननस उत्तम होतात, असें तो सांगतो. द्राक्षें व डाळिंबें यांचें नवल नाहीं. नाशिक जिल्हा आजहि त्यांसाठींच प्रसिद्ध आहे. अननसाचें मात्र नवल आहे. कारण हें फळ मूळचें दक्षिण अमेरिकेचें. कोलंबसाला तें १४९३ मध्यें ग्वादेलूप बेटावर प्रथम दिसलें. पोर्तुगीजांनीं तें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास आणलें, आणि ब्राझीलच्या तुपी लोकांचा ‘नाना’ हा शब्द त्याबरोबर येऊन ‘अननस’ झाला. शंभर वर्षें भरतात न भरतात तोंच तें फळ समुद्र ओलांडून, सह्याद्रि चढून, बागलाणच्या डोंगरांत नांव घेण्यासारखें पिकूं लागलें होतें. जहांगिरानें आपल्या आठवणींत अननस हें फिरंगी बंदरांतलें फळ म्हणून सांगितलें असून आग्र्याच्या एका बागेंत तें हजारोंनीं होतें, असेंहि लिहिलें आहे. काजू हा शब्दहि त्याच तुपी भाषेचा, आणि पेरूनें तर एका देशाचें नांवच अंगावर घेतलें. ज्या पेल्याला आज परदेशी म्हणून पाहिलें जातें, त्यांतला अननस कळवणच्या आसमंतांत चारशें वर्षांपूर्वींचा रहिवासी आहे. पेयाचें नांवच तेवढें नवें.

मुसलमानी अमदानींत ‘सरबत’ हा शब्द आला. अरबींत ‘पिणें’ या अर्थाचा जो धातु आहे, त्यापासूनच सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द निघाले. एकाच मुळाच्या या दोन फांद्या. एक समारंभाच्या दिवाणखान्यांत शिरली, दुसरीला दाराबाहेर ठेवावें लागलें. खानदेशाच्या उत्तरेस मांडूच्या सुलतान गियासशाहाच्या दरबारीं पंधराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या निअमतनामा या पाककृतींच्या सचित्र पोथींत सरबतांच्या कृति आहेत. थंड करण्याची युक्ति आईन-ए-अकबरींत दिली आहे ती अशी: एक शेर पाणी धातूच्या सुरईंत भरून तोंड बंद करावें, दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाण्यांत अडीच शेर सोरा टाकून त्यांत ती सुरई पाव तास हलवावी. सोरा विरघळतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून सुरईंतलें पाणी गार होतें. गरिबाच्या घरीं हेंच काम माठाच्या छिद्रांतून झिरपणारें पाणी वाळतांना करतें, आणि त्यास सोऱ्याचा खर्च लागत नाहीं. बर्फ पुष्कळ उशिरां आला. बोस्टनचा व्यापारी ट्यूडर याचें बर्फानें भरलेलें पहिलें जहाज कलकत्त्यास १८३३ मध्यें लागलें.

मद्याची गोष्ट या इतिहासांत मधूनच येते, आणि ती थोडी गंमतीची आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. गोव्याजवळच्या नेरूळ येथें उत्तम अर्क गाळला जातो व त्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ नांवाचें पेय करतात, असें त्यानें नमूद केलें आहे. पांच पदार्थांचें म्हणून पंच, ही व्युत्पत्ति त्यानेंच दिली; कांहीं पंडितांना ती मान्य नाहीं. परंतु घटक पाहिले तर ओळख पटते. लिंबाचा रस, साखर, मसाला आणि पाणी हें तर सरबतच. त्यांत अर्क तेवढा ओतलेला. हें पंच जहाजांवरून इंग्लंडास गेलें, मोठ्या कुंड्यांतून तेथल्या मेजवान्यांत फिरलें, आणि कॉकटेल हें त्याच कुळांतलें पुढलें अपत्य. तेव्हां मिळवणी अगोदर झाली आणि वजाबाकी नंतर. मॉकटेल म्हणून जें परत आलें, तें फिरून फिरून घरीं आलेलें सरबत होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरा प्रश्न इतका गोड नाहीं. अखंड फळ बहुधा कोणाच्याहि हातून घेतां येत असे. तेंच फळ पाण्यांत मिसळलें कीं पाणी कोणाच्या घरचें, भांडें कोणाचें, हीं विचारणा सुरू होई. पेला पुढें केल्यानें माणूस जवळ येतो, तसाच न दिल्यानें दूर लोटला जातो. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें झालेल्या एका सभेनंतर आलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेहि तेथें होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलीं, आणि एका पेल्यावरून सारें पुणें ढवळून निघालें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, प्रायश्चित्तें झालीं. कोणी प्यालें, कोणी नुसता पेला हातांत घेतला, कोणी घेऊन बाजूस ठेवला, असा बारीक कीस पाडण्यांत विद्वान माणसांचीं दोन वर्षें खर्चीं पडलीं. राजकारणांत न जुळणारे टिळक व रानडे या एका आरोपांत मात्र शेजारीं शेजारीं उभे राहिले.

हा झगडा तरी वरच्या वर्गांतला होता. त्यांत गमावण्यासारखें होतें तें पंक्तीचें स्थान. ज्यांना प्रपेवरच मज्जाव होता, त्यांचा प्रश्न घशाच्या कोरडेचा होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ मध्यें मंजूर झाला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां सभा आणि प्रपा यांची जोडी पुन्हां एकदां मांडली गेली. परिषद भरली होती, आणि परिषदेस आलेले लोक पाणी प्याले. घडलें तें एवढेंच. परंतु त्यासाठीं मार खावा लागला आणि पुढें दहा वर्षें न्यायालयांत काढावीं लागलीं. मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्यें लागला. नाशिकास २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो दादासाहेब गायकवाडांनीं वर्षानुवर्षें चालविला. याच जिल्ह्यांत येवल्यास १९३५ च्या ऑक्टोबरांत धर्मांतराची घोषणा झाली. पन्ह्याचा इतिहास लिहितांना या गोष्टी गाळल्या तर तो इतिहास हळदीकुंकवाच्या चौकटीबाहेर पडणार नाहीं.

कळवणच्या पश्चिमेस डोंगरपट्टींत कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी यांची वस्ती आहे. त्यांच्या समारंभांत मोहाची दारू हेंच आदराचें पेय होतें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरची भट्टी बंद केली आणि मक्तेदाराच्या दुकानाची दारू विकत घेणें भाग पाडलें. जें पेय अंगणांत फुकट होत होतें, त्याच्या पायीं आतां कर्ज होऊं लागलें, आणि कर्जापायीं जमिनी जाऊं लागल्या. अशा स्थितींत १९२२ सालीं एक अद्भुत लाट आली. पालघरच्या किनाऱ्यावर कोळी लोकांत देवीच्या रोगाच्या वेळीं सुरू झालेली एका देवीची उपासना घाट चढून जव्हार, सुरगाणा, धरमपूर, डांग असें करीत सुरत जिल्ह्यांत पोंचली. सुरगाणा तर कळवणला लागूनच. सलाबाई असें त्या देवीस म्हणत. मांडव घालून गांवोगांवचे लोक जमत. अंगांत आलेला माणूस देवीची आज्ञा सांगे: दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराचें काम करूं नका. कोणी पुढारी नाहीं, छापील पत्रक नाहीं, तरी डोंगरांतल्या हजारों माणसांनीं पेला बदलला. सर्वांनीं तो कायमचा बदलला असें नाहीं. सुरत जिल्ह्यांत वर्जणारे व पुन्हां घेणारे असे तटहि पडले. तरी पेल्यांत काय आहे आणि तो कोणाच्या दुकानांतून आलेला आहे, हे दोन्ही प्रश्न त्या लोकांनीं एकदम विचारले, हें विसरतां येत नाहीं. शहरांतल्या दारूबंदीच्या सभा त्या मानानें पुष्कळच सोप्या होत्या. सरकारनेंहि पुढें तीच वाट धरली. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी आली, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा अनेक दुरुस्त्या होऊन महाराष्ट्रांत आजहि लागू आहे.

फळांच्या बाजूनेंहि विसाव्या शतकांत मोठी भर पडली. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या फळबागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ मध्यें डाळिंबाची ‘गणेश’ ही जात निवडली. मऊ बियांची म्हणून ती कोरडवाहू नाशिकांत व सोलापुरांत पसरली. हल्लीं गडद लाल ‘भगवा’ जातीनें तिची जागा घेतलेली आहे. सटाणें, मालेगांव, देवळें व कळवण या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा झाल्या आणि रसासाठीं फळ शोधावयास दूर जाण्याची गरज राहिली नाहीं.

घरच्या समारंभासाठीं अशीं पेयें करतांना जुन्या कृतींची शिस्त आजहि उपयोगी पडते. पन्ह्याची कैरी करकरीत व पूर्ण आंबट असावी. ती उकडली किंवा निखाऱ्यावर भाजली कीं गराला बांधून ठेवणारें द्रव्य सैल होतें आणि गर सालीपासून सहज सुटतो. गर गाळून त्याच्या दुप्पट गूळ, चवीपुरतें मीठ, वेलदोड्याची पूड व असल्यास केशर घालावें. अशा एक वाटी मिश्रणास चार वाट्या गार पाणी पुरतें. पाणी आयत्या वेळीं घालावें.

डाळिंबाचे दाणे मिक्सरांत फार वेळ फिरवूं नयेत. बिया फुटल्या किंवा दाण्यांमधला पांढरा पापुद्रा आंत गेला तर रस तुरट होतो. दाणे जाड फडक्यांत बांधून हातानें पिळणें हीच निश्चिंत रीत. अननस मात्र चालेल तसा वाटावा, डोळे नीट काढून. दोन वाट्या अननसाच्या रसास एक वाटी डाळिंबाचा रस, एका लिंबाचा रस आणि आल्याच्या बोटभर तुकड्याचा अर्क, एवढ्यानें मिश्रण चांगलें साधतें. पेल्यांत दोन रंगांचे थर हवे असतील तर साखरेचा पाक अननसाच्या रसांत घालावा व तो आधीं ओतावा. गोड रस जड असतो, म्हणून तळाशीं राहतो. डाळिंबाचा रस चमच्याच्या पाठीवरून हळू सोडावा. दोन भाग साखर व एक भाग पाणी या प्रमाणाचा पाक अगोदर करून ठेवतां येतो. इतक्या दाट पाकांत जंतु वाढत नाहींत. नुसत्या रसाचें तसें नाहीं. फळाच्या सालीवरचें किण्व रसांत उतरतें, आणि कळवणच्या वैशाखांत तो दुसऱ्या दिवशीं फसफसूं लागतो. म्हणजे आपोआप मद्याच्या वाटेस लागतो. महावग्गांतील पहांटेची मर्यादा ती हीच.

अननसाच्या कच्च्या रसांत दूध किंवा साय घालूं नये. त्यांत ब्रोमेलेन नांवाचें पाचकद्रव्य असतें. तें दुधांतल्या प्रथिनांचे तुकडे करतें, आणि दूध नासून कडवट होतें. साईचें पेय करावयाचेंच असेल तर रस आधीं उकळून निववावा, म्हणजे तें द्रव्य निकामी होतें. बर्फ सर्वांत शेवटीं, पाहुणे बसल्यावर.